पहिलीत जाताना: कोल्हापुरातल्या नव्या पालकांसाठी

जूनच्या मध्याला कोल्हापुरात पाऊस आणि शाळा हातात हात घालून येतात. त्यामुळं इथल्या पहिलीच्या तयारीत दप्तर, डबा, पाटी-पेन्सिल यांच्या जोडीला न वाळणारे कपडे, रिक्षातली गर्दी आणि जुलै-ऑगस्टमधल्या पुराच्या सुट्ट्याही धराव्या लागतात. ज्यांचं पहिलंच मूल पहिलीत निघालंय त्यांच्यासाठी हा लेख. बालवाडी किंवा केजीला घालणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरानं दोनच गोष्टींवर जीव तोडून मेहनत घ्यावी: कागदपत्रं आणि पोराची स्वतःची कामं. अक्षरं आणि आकडे शाळेला शिकवू द्यावेत. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. पोराला शंभरपर्यंत अंक घोटून घेतलेले असतात आणि चड्डीचं बटण मात्र आई लावते.

जानेवारी-फेब्रुवारी: वय आणि शाळा

राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाची ६ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाचच्या थोडं पुढं असतानाच पहिलीत बसतं. केंद्रीय विद्यालयात हीच तारीख ३१ मार्च आहे, त्यामुळं तिथलं गणित वेगळं. मूल काठावरचं असेल आणि अजून नीट बोलत नसेल, पटकन रडत असेल, तर एक वर्ष थांबायला काहीच हरकत नाही. “वर्ष वाया जाईल” हे वाक्य नातेवाइकांचं असतं. वर्गातलं सगळ्यात लहान पोर म्हणून दहा वर्षं काढायची असतात ती त्या पोराला.

शाळा निवडताना घरापासूनचं अंतर पहिल्यांदा बघा. मंगळवार पेठेतलं सहा वर्षांचं मूल रोज पुलाची शिरोली ओलांडून पलीकडं पाठवायचं, तर त्या शाळेत तसंच काही भारी असायला हवं. मग वर्ग बघायला जा, शाळा चालू असताना जा. मुलांची स्वच्छतागृहं बघा, नळाला पाणी आहे का बघा, पहिलीच्या वर्गात किती पोरं बसतात ते मोजा. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक वर्गांना ३० मुलांमागं एक शिक्षक सांगितलाय. भिंतीवर मुलांनी स्वतः काढलेली वाकडीतिकडी चित्रं असतील तर बरं लक्षण. सगळं छापील आणि चकचकीत असेल तर ते पालकांसाठी लावलेलं असतं.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यादीतून आधीच खोडू नका. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालकांनी रांगा लावल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी वाचलेल्याच आहेत. सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि दुपारचं जेवणही असतं. पहिली ते पाचवीसाठी त्या जेवणाचं माप ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे.

माध्यमाबद्दल प्रत्येक घरात वाद होतो, तो इथं मिटणार नाही. एवढंच विचारा: शाळेतून आलेली सूचना घरात कोण वाचून समजून घेणार, आणि पोराला शाळेत काय झालं ते कोणत्या भाषेत सांगता येणार? सेमी इंग्रजीचा मधला रस्ता बऱ्याच कोल्हापूरकरांनी निवडलाय, आणि इंग्रजी हा विषय मराठी शाळेतही २००० सालापासून पहिलीतच सुरू होतो.

खाजगी शाळा प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेत असेल, तर ते कायद्यात बसत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं चाळणी लावायला आणि डोनेशन घ्यायला, दोन्हीला बंदी आहे. फी भरलीत तर पावती घ्याच, आणि पावतीवर कशाची फी ते लिहिलेलं असावं.

याच कायद्याखाली विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटासाठी राखीव असतात. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. तो तहसीलमधून यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सुटायची वाट न बघता आधीच काढून ठेवा. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण अचूक टाका. घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळांचा हिशेब त्या खुणेवरून होतो. नेट कॅफेत घाईत भलत्याच गल्लीत खूण पडली, की पडताळणीच्या वेळी अर्ज बाद होतो. “आपली ओळख आहे, काम करून देतो” म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, सोडत संगणकावर निघते.

कागद: इथं वेळ घालवा

जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, राहण्याचा पुरावा, लसीकरणाचं कार्ड, फोटो, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. यादी एवढीच, पण प्रत्येकात खोच आहे.

आपल्याकडं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळं पोर वाढतंय राजारामपुरीत आणि जन्माची नोंद सांगलीत, निपाणीत नाहीतर गडहिंग्लजमध्ये. दाखला जिथं जन्म झाला तिथल्याच नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळतो, कोल्हापूर महापालिकेच्या खिडकीवर नाही. दुसरी गोष्ट, दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा बाळाचं बारसं झालेलं नसतं, म्हणून दाखल्यावर नावाची जागा कोरीच राहते. नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षानंतर थोडा विलंब आकार भरून १५ वर्षांपर्यंत, पण हे एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा जानेवारीत कळलेलं बरं. जन्मदाखला वेळेत हातात आला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायद्यातच तसं आहे.

लहानपणी काढलेलं निळं बाल आधार पाचव्या वर्षापर्यंतचं. पाच वर्षं झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन देऊन ते अद्ययावत करावं लागतं. पाच ते सात या वयात हे मोफत आहे. शाळा मुलाची माहिती ऑनलाइन भरते तेव्हा आधारवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. एकीकडं “श्रेयश” आणि दुसरीकडं “श्रेयस” असेल, तर शाळेत जाण्याआधी एक कागद दुरुस्त करून दुसऱ्याशी जुळवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असतं. कुणी त्याला जनरल रजिस्टर म्हणतं, कुणी दाखल-खारीज. त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, धर्म, जात-पोटजात अशी एक ओळ भरली जाते. पुढं शाळा सोडल्याचा दाखला या ओळीवरून निघतो, आणि त्या दाखल्यावर जातीचा दाखला, जात पडताळणी, पासपोर्ट असं सगळं उभं राहतं. कुणबी नोंदींसाठी गेल्या काही वर्षांत लोक आजोबा-पणजोबांच्या शाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळत होते, ती हीच.

म्हणून प्रवेश अर्ज शेजारच्या ताईकडून किंवा रिक्षावाल्या काकांकडून भरून घेऊ नका. वडिलांचा, जमलं तर आजोबांचाही शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्या आणि जात, आडनाव त्याच लेखनानं लिहा. गावाकडं एकाच भावकीत एक “पाटील” आणि दुसरा “चौगले-पाटील” लागलेला असतो, त्यातलं कागदावर कोणतं आहे ते घरात आधी ठरवून घ्या. नोंद झाल्यावर नम्रपणे म्हणा, “सर, एकदा वाचून बघू का?” कुणी नाही म्हणत नाही. बोट ठेवून वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी दोन मिनिटांत निघते. पुढं तीच दुरुस्ती करायची तर प्रस्ताव, पुरावे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणि हेलपाटे.

पाडवा आणि मेळावा

गुढीपाडव्याला पाटीपूजन करून नाव घालायची आपल्याकडं जुनी रीत आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळा त्या दिवशी पट वाढवायची मोहीमही काढतात. नव्या पाटीवर हळद-कुंकू, सरस्वतीची रेघांची खूण, पोराच्या हाताला धरून एक आडवी-उभी रेघ. हा सोहळा जरूर करा. शाळेबद्दल पोराच्या मनात पहिली आठवण गोड पडते.

एप्रिलच्या सुमारास सरकारी शाळांत ‘पहिले पाऊल’ नावाचा शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो. २०२२ पासून राज्यभर हे चालू आहे. टेबलं मांडलेली असतात: एकीकडं उड्या मार, दोरीवर चाल, दुसरीकडं रंग ओळख, चित्र बघून गोष्ट सांग, वस्तू मोज. मूल काय करतं ते विकासपत्रावर लिहून देतात. पालक याला परीक्षा समजून मागून उत्तरं सांगतात, ते टाळा. जे जमलं नाही ते घरी खेळता खेळता कसं घ्यायचं याची कार्डं आणि सूचना तिथंच मिळतात. दुसरा मेळावा जूनमध्ये, पुन्हा तेच टेबल, म्हणजे फरक कळतो. तुमचं मूल खाजगी शाळेत जाणार असलं तरी जवळच्या शाळेतला मेळावा बघून या.

एप्रिल-मे: हातांची कामं

मे महिना मामाच्या गावाला जाईल, जाऊ द्या. पण पुढच्या गोष्टी मामाच्या घरीही होतात.

डबा पहिला. दुकानात चार बाजूंनी खटके असलेले डबे छान दिसतात. तो घट्ट डबा सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही. मधल्या सुट्टीत काय होतं बघा: पोर आधी खटका ओढतं, मग दातानं ओढतं, मग डबा पोटाशी धरून जोर लावतं, झाकण उडतं आणि पोहे मांडीवर. बाई चाळीस पोरांत एकटी. सांडलेलं बघून शेजारचा हसतो, आणि हे पोर दुसऱ्या दिवशी डबाच उघडत नाही. घरी आई विचारते, “भूक नव्हती का रे?” म्हणून डबा घेताना पोराला दुकानात न्या आणि तिथंच उघडायला-लावायला लावा. सैलसर स्टीलचा डबा आणि त्याला बांधायला रुमाल, हे अजूनही झकास चालतं. मग मेमध्ये रोज एक वेळचं खाणं त्या डब्यातून, जमिनीवर बसून, घड्याळ लावून. आपल्याकडं भरवायची सवय फार. टीव्ही समोर, घास आजीच्या हातात. शाळेत आजी नसते.

डब्यात सुरुवातीचे दोन आठवडे नवे प्रयोग नकोत. चपातीची गुंडाळी, भाजी आत घालून. गूळ-तूप-चपाती. दडपे पोहे. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ. शेंगदाण्याची चटणी चालेल, पण कांदा-लसूण चटणीवर वाढलेल्या पोरांना सांगून ठेवा की डबा खाऊन झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत.

दुसरं काम शी-शूचं. चड्डी-पँट स्वतः काढणं-घालणं, भारतीय पद्धतीच्या संडासावर बसणं, स्वतः धुणं, पाणी ओतणं, साबणानं हात धुणं. घरी कमोड असेल तर शाळेतला संडास बघून मूल घाबरतं, दिवसभर दाबून धरतं. आजोळी, गावाकडं जाल तिथं सवय करून घ्या. आणि “बाई, शूला जाऊ का?” हे वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव घरात करा. हसू नका, कितीतरी पोरांचं घोडं या वाक्यावर अडतं.

बटण, चेन, बूट-सँडलचा पट्टा, दप्तर भरणं, रुमालानं नाक पुसणं ही बाकीची कामं. बुटाची लेस पहिलीत नकोच, चिकटपट्टीचे बूट घ्या.

लिहायचं म्हणाल तर पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते, आणि ती वहीतून येत नाही. शेंगा सोलू द्या, कणकेच्या गोळ्याशी खेळू द्या, फुलं ओवू द्या, लसूण निवडू द्या. बेंदराला मातीचे बैल विकत आणतो, त्याऐवजी चिखलाचा एक बैल पोराला करू द्या. शिंगं वळताना चिमटीला जो व्यायाम होतो तो दहा पानं गिरवून होत नाही. डावऱ्या मुलाचा हात बदलायला जाऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी.

पोराला स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांची नावं, घराची खूण (“रंकाळ्याजवळ” नको, “रंकाळा बसस्टँडमागं, गणपती मंदिराची गल्ली” असं) आणि एक मोबाइल नंबर पाठ हवा. नंबर गाण्याच्या चालीवर चार दिवसांत बसतो.

झोप आताच सरकवायला घ्या. या वयाला रात्री ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघालाय, तरी शाळेची आणि रिक्षाची वेळ विचारून त्यापासून मागं मोजा. साडेदहापर्यंत मोबाइल बघणारं पोर सातला हसत उठेल ही अपेक्षा सोडा.

डॉक्टरांकडं एक चक्कर मेमध्येच. पाच ते सहा वयातला डीपीटीचा दुसरा बूस्टर राहिला नाही ना ते कार्डावर बघा. डोळे तपासा: मूल टीव्हीजवळ जाऊन बसतं, मान वाकडी करून बघतं, तर फळ्यावरचं दिसणार नाही आणि बाई म्हणणार लक्ष नाही. कानांचंही तेच. दात दाखवताना शेवटची दाढ मुद्दाम बघायला सांगा. सहाव्या वर्षी सगळ्यात मागं जी दाढ येते ती कायमची असते, घरचे तिला दुधाची समजून सोडून देतात आणि ती किडते.

खरेदी

शाळेची यादी हातात पडल्याशिवाय बाजारात जाऊ नका. गणवेश, वह्या एकाच दुकानातून घ्यायची सक्ती शाळेला करता येत नाही. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी फिरा, आणि दोन-तीन घरं मिळून घेणार असाल तर गांधीनगरला जाऊन या, कापडात फरक पडतो.

दप्तर हलकं आणि पोराच्या पाठीएवढं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोच्या आत ठेवायला सांगितलंय, आणि या दोन वर्गांना गृहपाठही नको म्हटलंय. भरलेलं दप्तर एकदा वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा. एक लिटरची भरलेली बाटली एकटीच किलोभर होते, अर्ध्या लिटरची पुरे.

प्रत्येक वस्तूवर नाव. रेनकोटच्या कॉलरच्या आत, डब्याच्या बुडाला, सँडलच्या तळाला, न पुसणाऱ्या पेननं.

जाणं-येणं

रिक्षा लावण्याआधी एक दिवस शाळा सुटताना गेटवर उभं राहून बघा, त्या रिक्षात किती पोरं बसतात, उजव्या बाजूला आडवा दांडा आहे का, पुढं ड्रायव्हरच्या मांडीशी कुणी बसतं का. काकांचा नंबर, गाडीचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा. स्वस्तातली रिक्षा म्हणून दहा पोरांत अकरावं आपलं घालू नका.

दुचाकीवर नेणार असाल तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं बंधनकारक आहे. पुढं फळीवर उभं करून नेणं ही आपल्या गावातली फार वाईट सवय. ब्रेक दाबला की पोराची हनुवटी थेट हँडलवर.

आणायला कोण येणार हे शाळेत लेखी द्या. ठरलेल्या माणसाऐवजी दुसरं कुणी आलं तर घरातला एक गुप्त शब्द विचारायचा, हे पोराला शिकवा. काकांना माहीत नसलेला शब्द निवडा, घरातल्या मांजराचं नाव सगळ्या गल्लीला ठाऊक असतं.

पहिले पंधरा दिवस

रडणार. काही पोरं पहिल्या दिवशी हसत जातात आणि चौथ्या दिवशी रडतात, कारण तेव्हा कळतं की हे रोजचंच आहे. गेटवर निरोप छोटा घ्या. “तू डबा खाल्लास, गोष्ट झाली, की सुट्टी. मी या झाडाखाली असेन.” एवढं बोलून वळा. मागं फिरून खिडकीतून डोकावणारी आई पोराला दिसली की अर्ध्या तासाचं शांत झालेलं रडं पुन्हा सुरू. डोळा चुकवून पळूनही जाऊ नका. आणि जिथं असेन म्हणालात तिथं वेळेआधी पाच मिनिटं उभं राहा, पहिल्या पंधरवड्यात हे एक पाळलंत तरी पुष्कळ झालं.

“रडलास तर बाई मारतील” असं चुकूनही म्हणू नका. मारायला कायद्यानं बंदी आहे ते आहेच, पण बाईंची भीती घालून तुम्ही त्यांचंच काम अवघड करता.

घरी आल्याबरोबर “आज काय शिकवलं?” हा प्रश्न विचारला की उत्तर “काही नाही” येतं. त्याऐवजी “तुझ्या शेजारी कोण बसलं? त्याच्या डब्यात काय होतं?” विचारा. बोलायला लागतं. काही पोरं आल्या आल्या चिडतात, रडतात, दप्तर फेकतात. दिवसभर धरून ठेवलेलं घरी सोडतात. खाऊ घाला, झोपू द्या. वरचेवर सकाळी पोट दुखायला लागलं, अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि तीन-चार आठवड्यांनंतरही थांबेना, तर बाईंशी आणि डॉक्टरांशी बोला.

भाषेवरून पोर खट्टू होऊन आलं तर तिथं लक्ष द्या. कोल्हापुरात मुलीही “मी आलो, मी जेवलो” म्हणतात, आम्ही घरी सगळ्या असंच बोलतो. “पायजे”, “करायलंय”, “कुठं चाललायस” हे पोराचं रोजचं बोलणं. पुस्तकातली भाषा ते हळूहळू उचलतं. वर्गात कुणी हसलं तर बाईंना शांतपणे सांगा, आणि घरी त्याच्या बोलण्याची दुरुस्ती मोहीम काढू नका.

२६ जूनला शाहू जयंती. शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झालेले असतात आणि पहिलीची पोरं फेटे बांधून फेरीत चालत असतात. महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड होता. तो पालकाकडून घ्यायचा होता. आज दंड नाही, पण जत्रा, लग्न, मावशीचं डोहाळजेवण म्हणून पहिल्या महिन्यात चार-चार दिवस घरी ठेवलेलं पोर पुन्हा पहिल्या दिवसापासून रडायला लागतं, आणि ते निस्तरायचं बाईंना.

पाऊस

छत्री नको. छत्रीत एक हात जातो आणि वाऱ्याला ती उलटी होते. दप्तरासकट अंगावर येईल असा रेनकोट घ्या आणि तो काढून, झटकून, खुंटीला लावायचा सराव पाऊस पडायच्या आधी करा. ओला रेनकोट दप्तरात कोंबला की वह्या गेल्या. पुस्तकांना आतून प्लॅस्टिकची पिशवी हवीच, दुकानदार कितीही वॉटरप्रूफ म्हणाला तरी. पायांत पावसाळी सँडल चालतील का ते शाळेला विचारा. ओले मोजे दिवसभर घातले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात.

जुलैमध्ये आपल्याकडं कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. गणवेशाचे दोन जोड पुरतात हा हिशेब कोरड्या गावांचा. पँट किंवा स्कर्ट तरी तिसरा असू द्या. दप्तराच्या तळाशी एका पिशवीत सुकी चड्डी आणि जुना टीशर्ट कायमचा.

पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा घराघरात बोलला जातो: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवत असतीलच. पाणी चढलं की सुट्टीचा आदेश जिल्हा प्रशासनाकडून बऱ्याचदा रात्री येतो, आणि त्याच रात्री गेल्या वर्षीचा आदेशही व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. तारीख वाचा, आणि शाळेच्या गटावर बाईंचा निरोप आल्याशिवाय काही ठरवू नका. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ भागात राहत असाल तर मुलाच्या कागदांच्या मूळ प्रती जूनमध्येच उंचावर, प्लॅस्टिकमध्ये, आणि मोबाइलमध्ये फोटो. शाळेची सुट्टी लांबली तर सकाळी उठायची वेळ तेवढी सोडू नका. बाकी पोरांना पाऊस बघू द्या.

अभ्यास, थोडक्यात

“शाळेत नुसतं खेळवतात” ही तक्रार जुलैमध्ये दर वर्षी ऐकू येते. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीचे असावेत, असं ठरवूनच ‘विद्या प्रवेश’ नावाचा कार्यक्रम २०२१ मध्ये आणलाय. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेची उद्दिष्टं बघितलीत तर जीव भांड्यात पडेल: पहिलीच्या शेवटी मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचावीत आणि ९९ पर्यंतचे अंक वाचावे-लिहावेत, एवढंच अपेक्षित आहे. ते वर्षाच्या शेवटी, गणपतीत नाही.

घरी रोज एक गोष्ट वाचून दाखवा, बोट ठेवून. दुकानांच्या पाट्या, केएमटीच्या बसवरची नावं वाचू द्या. शिष्यवृत्तीत कोल्हापूर जिल्ह्याचं नाव मोठं आहे, त्यामुळं पहिलीतच क्लास शोधणारे पालक भेटतात. त्यांना हात जोडावेत आणि पुढं जावं.

दिवाळीच्या पुढं

सहामाहीनंतर बाईंना एकदा निवांत भेटा, गेटवर नाही. तीन प्रश्न पुरतात: वर्गात बोलतो का, कुणाबरोबर खेळतो, कुठं अडतो. बाईंना “मॅडम, जरा कडक राहा” असं सांगायला जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकांतून असतात आणि निम्म्या महिला. सरकारी शाळेत मूल असेल तर त्या बैठकीला जा. पाण्याची टाकी, संडासाचं दार, जेवणाची खोली यांचे प्रश्न तिथं मांडले की हलतात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं तर मिळालेली चिठ्ठी नीट वाचा. जंतनाशक गोळी शाळेत देतात, त्या दिवशी पोराला उपाशी पाठवू नका.

हिवाळ्यात स्नेहसंमेलन येतं. पोशाख भाड्यानं मिळतो, आदल्या दिवशी सगळ्या गावाला एकदम हवा असतो, म्हणून आठवडा आधी मापाला जा. आणि शाळा बदलायचा विचार असेल तर मार्चअखेर निकालाची वाट न बघता बाईंना कल्पना द्या. नव्या शाळेत नाव चढवायला जुन्या शाळेनं ऑनलाइन नोंद सोडावी लागते, आणि दाखला हातात घेताना जनरल रजिस्टरमधली ती ओळ त्यावर जशीच्या तशी उतरलीय का, ते तिथंच उभं राहून वाचा.